इंजिनाचा ठोका थांबविणारा थॉमस मिजली

शोधकांची चरित्रे आम्ही वाचतो ती बहुधा दोन प्रकारची असतात. काही शोधकांना हयातीत उपेक्षा सोसावी लागते आणि मृत्यूनंतर जग त्यांचे ऋण मानू लागते. काहींच्या वाट्याला प्रारंभापासूनच यश येते व ते पुढेही टिकते. थॉमस मिजली या अमेरिकन शोधकाचे चरित्र या दोन्ही प्रकारांत बसत नाही. जिवंतपणी त्याला मानाची पदके मिळाली, विद्वानांच्या सभेचे अध्यक्षपद मिळाले, शंभराहून अधिक पेटंटे त्याच्या नावावर चढली. त्याच्या मृत्यूनंतर मात्र त्याच्या दोन सर्वांत मोठ्या शोधांना जगाने एकामागून एक निरोप दिला, आणि तोही मोठ्या कष्टाने. असे का झाले, हे समजून घेणे आम्हांस फार उद्बोधक वाटते. म्हणून हा चरित्रपरिचय आमच्या विद्यार्थिवाचकांपुढे ठेवीत आहो.

मिजलीचा जन्म १८ मे १८८९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात बीव्हर फॉल्स या गावी झाला. शोधक वृत्ती त्याच्या घराण्यात पिढीजात होती. त्याच्या आईचे वडील जेम्स इमर्सन यांनी दाते काढता-घालता येतील अशी करवत तयार करून नाव मिळविले होते, आणि त्याचे वडील मोटारीची चाके व टायर यांत सुधारणा करण्यात गढलेले असत. थॉमसचे बालपण ओहायो राज्यातील कोलंबस शहरी गेले. शाळेत असताना त्याला बेसबॉलचा नाद होता. चेंडू हवेत वळावा म्हणून त्यावर कोणता चिकट पदार्थ लावावा याचा त्याने नाना वस्तू घेऊन शोध केला आणि अखेर एका झाडाच्या सालीचा रस त्या कामी पसंत केला, असे सांगतात. एकामागून एक वस्तू घेऊन पाहावी, कंटाळू नये आणि फळ मिळेपर्यंत सोडू नये, ही त्याची पुढील आयुष्यातील रीत या खेळकर प्रसंगात आधीच दिसून येते.

१९११ साली कॉर्नेल विद्यापीठातून तो यंत्रशास्त्राचा पदवीधर झाला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या मनुष्याला पुढे अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञांनी आपला अध्यक्ष निवडले, त्याची पदवी रसायनशास्त्राची नव्हतीच. ते शास्त्र त्याने बहुतांशी काम करता करता, स्वतःच्या वाचनाने आत्मसात केले. पदवीनंतर डेटन शहरात पैशांच्या हिशेबाची यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यात त्याने काही दिवस काढले, मग वडिलांच्या टायरच्या धंद्यात हातभार लावला, आणि १९१६ साली तो डेटन येथेच चार्ल्स केटरिंग याच्या प्रयोगशाळेत रुजू झाला. मोटार हाताने दांडा फिरवून सुरू करण्याचा त्रास ज्याच्या विद्युत्-यंत्रामुळे नाहीसा झाला, तोच हा केटरिंग. गुरुशिष्यांची ही जोडी पुढे आयुष्यभर टिकली.

त्या काळी मोटारीच्या इंजिनाला एक विचित्र व्याधी जडलेली होती. चढावर किंवा जड ओझे ओढताना इंजिनातून हातोडीने ठोकल्यासारखा ठक् ठक् असा आवाज येई, शक्ती कमी होई, आणि हा प्रकार फार वेळ चालला तर दट्ट्या व इतर भाग निकामी होत. हा ठोका कशामुळे पडतो हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. सिलिंडरात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण येते. दट्ट्या ते दाबतो. मग ठिणगी पडून ज्वाला ठिणगीच्या ठिकाणापासून पुढे पुढे पसरते. ज्वाला शांतपणे पसरली तर दट्ट्याला एकसारखा रेटा मिळतो. परंतु ज्वाला पोहोचण्यापूर्वीच शेवटच्या कोपऱ्यातील मिश्रण उष्णतेने व दाबाने आपोआप भडकले, तर एकदम स्फोट होऊन धक्का बसतो. तोच हा ठोका. मिश्रण जितके अधिक दाबावे तितके त्याच पेट्रोलमधून अधिक काम मिळते. परंतु अधिक दाबू गेले की ठोका सुरू होतो. तेव्हा इंजिन सुधारण्याच्या वाटेत हा ठोका भिंतीसारखा आडवा उभा होता.

पुष्कळांनी या व्याधीचा दोष केटरिंगने नव्याने आणलेल्या विजेच्या ठिणगीच्या व्यवस्थेवर ठेवला होता. शेतकऱ्यांच्या घरी वीज पुरविण्यासाठी त्याने जी लहान यंत्रे काढली होती ती रॉकेलवर चालवावयाची होती, आणि रॉकेलवर तर ठोका अधिकच जोराचा पडे. आपल्यावरील आरोप खरा की खोटा याचा छडा लावण्याचे काम केटरिंगने या नव्या तरुणाकडे सोपविले. सिलिंडरातील दाब कसकसा वाढतो हे प्रत्यक्ष पाहता येईल असे उपकरण मिजलीने योजिले, आणि ठोका ठिणगीच्या आधी पडत नसून ठिणगीनंतर, जळण्याच्या अखेरीस पडतो, असे त्याला आढळून आले. तेव्हा दोष ठिणगीचा नव्हे, इंधनाचा होता. मग इंधनातच काही मिसळून हा दोष घालविता येईल काय, असा प्रश्न पुढे आला.

पहिले यश मिळाले ते मोठ्या गमतीने. अमेरिकेच्या रानात एक लहानसे फुलझाड आहे. त्याची पाने मागून तांबूस असतात आणि बर्फ पुरते वितळण्यापूर्वीच त्याला फुले येतात. तांबड्या रंगामुळे त्याची पाने उष्णता अधिक शोषीत असावीत, असे केटरिंग व मिजली यांच्या मनात आले. इंधन तांबडे केले तर तेही उष्णता लवकर शोषून लवकर वाफ होईल आणि ठोका थांबेल, असा तर्क त्यांनी बांधला. १९१६ सालच्या डिसेंबरात मिजली तेलात विरघळणारा तांबडा रंग आणावयास कोठीत गेला. परंतु तेथे तसा रंग नव्हता. आयोडीन मात्र होते. आयोडीनने रॉकेल तांबूस झाले, ते इंजिनात घातले, आणि ठोका खरोखरच थांबला.

एखादा उतावळा मनुष्य येथेच विजयाचा डंका वाजवून मोकळा झाला असता. मिजलीने तसे केले नाही. त्याने लगेच खरेखुरे तांबडे रंग मिळवून प्रयोग केले, तो त्यांचा यत्किंचितही उपयोग होईना. उलट आयोडीनचे एक रंगहीन संयुग घालून पाहिले, तर त्याने ठोका थांबला. म्हणजे गुण रंगाचा नव्हता, आयोडीनचा होता. तर्क सपशेल चुकीचा होता, परंतु त्यामुळे हाती लागलेली वस्तू खरी होती. आपल्याच आवडत्या कल्पनेची अशी कठोर परीक्षा घेणे हे शास्त्रज्ञाचे पहिले लक्षण होय. पुढे एका अधिक मोठ्या प्रश्नाच्या वेळी हेच लक्षण मिजलीला सोडून गेले, ते आम्ही यथाक्रम सांगूच.

आयोडीन महाग होते आणि धातूला खात होते. म्हणून दुसऱ्या पदार्थाचा शोध सुरू झाला. पहिल्या महायुद्धात विमानांच्या इंधनावर काम करण्यात काही काळ गेला. १९१९ साली ॲनिलीन हा पदार्थ आयोडीनपेक्षा सरस ठरला, पण त्याला असह्य दुर्गंधी होती. त्यानंतर सेलेनियम व टेल्युरियम यांची संयुगे घेतली. टेल्युरियमचा गुण मोठा, परंतु त्याचा वास लसणीच्या उग्र दर्पासारखा. तो कपड्यांत आणि अंगात असा भिने की प्रयोगशाळेतील मंडळींना घरी व बाहेर तोंड दाखविणे कठीण झाले. नाना पदार्थ घालून पाहण्याचा हा क्रम वर्षानुवर्षे चालला होता. अखेर मिजलीने आंधळेपणाने चाचपडणे सोडून मूलद्रव्यांची आवर्तसारणी पुढे ठेवली. जी मूलद्रव्ये आतापर्यंत उपयोगी पडली होती ती सारणीत कोठे कोठे बसतात हे पाहताच, गुणाची एक सरळ चढण त्याला दिसू लागली. त्या चढणीवरून पाहता कथिलाचे संयुग उपयोगी पडावे असा अंदाज निघाला; ते उपयोगी पडले. मग कथिलाच्या खालचे शिसे तर अधिकच प्रभावी असले पाहिजे. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग इंजिनात घालून पाहण्यात आले, आणि अगदी अल्प प्रमाणातही त्याने ठोका पूर्ण थांबविला. पुढे जे प्रमाण रूढ झाले ते एका अमेरिकन गॅलनला, म्हणजे सुमारे ३.८ लिटर पेट्रोलला, अवघे ३ घन सेंटिमीटर एवढेच होते. सिलिंडरातील उष्णतेने हे संयुग फुटते, शिशाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण तयार होतात, आणि ते कण अवेळी भडकणाऱ्या मिश्रणातील साखळी तोडून टाकतात.

परंतु एक रोग बरा करताना औषधाने दुसरा निर्माण केला. जळून गेल्यावर शिसे जाते कोठे? ते राखेच्या रूपाने आतच राहू लागले. झडपांवर, ठिणगीच्या प्लगवर आणि सिलिंडराच्या माथ्यावर त्याची पुटे चढू लागली. प्लग बंद पडत, झडपा नीट बसत नसत. ठोका गेला, पण इंजिन आतून घाण झाले. तेव्हा शिशाला इंजिनाबाहेर घालवील असा आणखी एक पदार्थ पेट्रोलमध्ये मिसळणे प्राप्त झाले. अनेक पदार्थ पारखून एथिलीन डायब्रोमाइड हे ब्रोमीनचे संयुग निवडण्यात आले. ब्रोमीन शिशाशी संयोग पावते; त्यापासून होणारे लेड ब्रोमाइड इंजिनाच्या उष्णतेत वाफ होऊन धुराबरोबर नळीवाटे बाहेर निघून जाते. इंधनात मिसळलेल्या पदार्थाने इंजिन आतल्या आत स्वच्छ राखावे, ही जी कल्पना आज सर्वसामान्य झाली आहे, तिचे हे एक आरंभीचे व मोठे उदाहरण होय.

पण एवढे ब्रोमीन आणावे कोठून? त्या वेळी ते फार थोडे मिळत असे. मिजलीची व त्याच्या सहकाऱ्यांची दृष्टी समुद्राकडे वळली. समुद्राच्या एक टन पाण्यात सुमारे ६५ ग्रॅम ब्रोमीन असते. १९२५ साली एका जहाजावर कारखाना उभारून भर समुद्रात ब्रोमीन काढण्याचा प्रयोग झाला. ब्रोमीन मिळाले, परंतु जहाजावरचा हा उद्योग परवडण्याजोगा नव्हता. पुढे उत्तर कॅरोलायना राज्याच्या किनाऱ्यावर कारखाना उभा राहिला आणि १९३४ च्या सुमारास समुद्राच्या पाण्यातून व्यापारी प्रमाणावर ब्रोमीन निघू लागले. मोटारीचे प्लग स्वच्छ राहावे म्हणून मनुष्याने समुद्र गाळावा, ही गोष्ट कल्पकतेच्या दृष्टीने खरोखर अद्भुत आहे. मात्र या सर्व खटाटोपात एका प्रश्नाकडे फारसे कोणी पाहिले नाही. इंजिनातून बाहेर घालविलेले शिसे नाहीसे झाले नव्हते. ते रस्त्यावरील हवेत गेले होते, आणि ती हवा माणसे श्वासावाटे घेत होती.

२ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटन येथील एका पंपावर हे नवे पेट्रोल पहिल्यांदा विकले गेले. त्याच वर्षी इंडियानापोलिस येथील ५०० मैलांच्या सुप्रसिद्ध शर्यतीत ते वापरणाऱ्या मोटारी अग्रभागी आल्या आणि त्याची कीर्ती देशभर पसरली. पेट्रोलला एथिल असे नाव देण्यात आले. शिशाचे नाव त्यात कोठेही नव्हते, ही गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. शिसे विषारी आहे हे त्या वेळी कोणास ठाऊक नव्हते असे मुळीच नाही; रोमन काळापासून ते ठाऊक होते. शिवाय टेट्राएथिल लेड हे साध्या शिशाहून अधिक भयंकर, कारण ते कातडीतूनही शरीरात शिरते आणि थेट मज्जासंस्थेवर आघात करते. खुद्द मिजलीलाच १९२३ च्या आरंभी शिशाची बाधा झाली आणि काम सोडून फ्लोरिडाच्या मोकळ्या हवेत काही आठवडे विश्रांती घ्यावी लागली. त्याच वर्षी अमेरिकन रसायनशास्त्र संस्थेचे निकोल्स पदक त्याला अर्पण करण्यात आले. एकाच शोधाने एका हाताने पदक दिले आणि दुसऱ्या हाताने विष दिले.

या विषाचे खरे मोल मजुरांनी दिले. १९२४ साली डेटन येथे या कामावरील दोन माणसे दगावली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यू जर्सी राज्यातील बेवे येथील तेलशुद्धीच्या कारखान्यात, जेथे हे संयुग तयार होत असे, कामगारांना भ्रम होऊ लागले; नसलेल्या वस्तू दिसू लागल्या; काही जण इतके उन्मत्त झाले की त्यांना बांधून ठेवावे लागले. थोड्याच दिवसांत पाच जण मृत्यू पावले आणि तिसाहून अधिक जण आजारी पडले. वृत्तपत्रांत एकच गदारोळ झाला. न्यूयॉर्क शहर, फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सी यांनी या पेट्रोलवर बंदी घातली.

अशा वेळी, ३० ऑक्टोबर १९२४ रोजी, मिजली वृत्तपत्रांच्या बातमीदारांपुढे उभा राहिला. त्याने ते द्रव्य आपल्या हातांवर ओतून घेतले आणि बाटली नाकाशी धरून एक मिनिटभर त्याचा वास घेतला. असे रोज केले तरी आपणास काही होणार नाही, असे त्याने सांगितले. ज्याला दीड-पावणेदोन वर्षांपूर्वीच या विषाची बाधा होऊन गेली होती, त्यानेच हे करावे याचे आम्हांस नवल वाटते आणि खेदही होतो. हा धीटपणा होता यात शंका नाही. परंतु शास्त्राच्या दृष्टीने तो पुरावा नव्हता. एका मिनिटात एका माणसाला काही झाले नाही, यावरून लक्षावधी माणसांना वर्षानुवर्षे काही होणार नाही असे सिद्ध होत नाही. तांबड्या रंगाच्या कल्पनेची ज्याने निर्दयपणे परीक्षा घेतली होती, त्याने आपल्या सर्वांत लाडक्या शोधाची तशी परीक्षा घेतली नाही.

२० मे १९२५ रोजी अमेरिकन सरकारच्या आरोग्यखात्याने वॉशिंग्टन येथे परिषद बोलाविली, आणि तोपर्यंत विक्री थांबविण्यात आली. व्यवसायजन्य रोगांच्या अभ्यासात जगप्रसिद्ध झालेल्या हार्वर्ड विद्यापीठातील डॉ. ॲलिस हॅमिल्टन या विदुषीने आणि येल विद्यापीठातील यँडेल हेंडरसन या शरीरशास्त्रज्ञाने या पेट्रोलला कसून विरोध केला. कारखान्यातील अपघातापेक्षा रस्त्यावर रोज थोडे थोडे साचत जाणारे शिसे हा मोठा धोका आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. यानंतर एक समिती नेमण्यात आली. तिने काही महिने पंपांवरील नोकर व मोटारचालक यांची तपासणी केली आणि १९२६ च्या जानेवारीत असा निर्णय दिला की, बंदी घालण्यास पुरेसे कारण आढळत नाही. मात्र पुढेही संशोधन चालू ठेवावे. संथपणे साचणारे विष काही महिन्यांत दिसून येत नाही, ही उणीव समितीलाही जाणवली होती. पण पुढील संशोधन बहुतांशी हा माल विकणाऱ्या उद्योगाच्याच पैशावर चालले. एथिल पेट्रोल पुन्हा बाजारात आले आणि जवळजवळ अर्धशतक निर्वेधपणे जगभर वाहिले. मिजलीला मात्र १९२५ सालीच एथिल कंपनीच्या कारभारातून दूर करण्यात आले होते. तो पुन्हा संशोधनाकडे वळला.

शिशावाचून अन्य उपाय नव्हता काय? होता. मद्यार्क मिसळल्यानेही ठोका थांबतो हे मिजलीने स्वतः पाहिले होते. परंतु मद्यार्क पुष्कळ प्रमाणात घालावा लागतो, आणि तो कोणासही बनविता येत असल्याने त्यावर एकाची मालकी चालत नाही. याउलट शिशाचा थेंबही पुरतो आणि त्याचे हक्क राखून ठेवता येतात. हाच विचार प्रबळ ठरला, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे.

मिजलीचा दुसरा मोठा शोध १९२८ सालचा. त्या काळी थंडाव्याच्या कपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथिल क्लोराइड वापरीत; ते गळले म्हणजे माणसांचे प्राण जात. जळणारा नाही आणि विषारी नाही असा पदार्थ हवा होता. पुन्हा एकदा आवर्तसारणी पुढे ठेवून मिजली व त्याचे सहकारी फ्लुओरीनकडे वळले. त्यांनी एका रसायनाच्या पाच बाटल्या मागविल्या, त्यांपैकी एक घेऊन नवा वायू तयार केला, आणि त्यात एक गिनीपिग ठेवला; तो सुखरूप राहिला. पुढे असे आढळले की उरलेल्या बाटल्यांतील माल अशुद्ध होता. पहिल्यांदा त्यांतलीच एखादी हाती आली असती तर तो प्राणी मेला असता, आणि कदाचित हे संशोधन तेथेच सोडून दिले गेले असते. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीने हा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझविली. वायू विषारी नाही आणि ज्वलनशीलही नाही, हे एका फुंकरीने सर्वांना पटले. हाच पुढे फ्रिऑन या नावाने घरोघरी पोहोचला.

१९३७ साली पर्किन पदक, १९४१ साली प्रीस्टली पदक, १९४२ साली गिब्ज पदक, असे सन्मान त्याच्याकडे चालत आले. पण १९४० साली, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्याला पोलिओ झाला आणि पाय कायमचे लुळे पडले. तरीही त्याचे डोके स्वस्थ बसले नाही. बिछान्यातून उठता यावे म्हणून त्याने दोऱ्या व कप्प्या यांचे एक साधन स्वतःसाठी तयार केले. १९४४ साली तो अमेरिकन रसायनशास्त्र संस्थेचा अध्यक्ष होता. त्याने आपले अध्यक्षीय भाषण अंथरुणावरून टेलिफोनद्वारे केले, आणि नवीन शोध हे बहुतांशी तरुणांच्या हातून लागतात, म्हणून वडिलांनी वेळीच त्यांना वाट करून द्यावी, असा विचार त्यात मांडला. त्याच वर्षी २ नोव्हेंबर रोजी, त्या साधनाच्या दोऱ्यांत गळा आवळला जाऊन, ओहायोतील वर्दिंग्टन येथील राहत्या घरी त्याचा अंत झाला. त्याचे वय अवघे ५५ वर्षांचे होते.

त्याच्या मृत्यूच्या वेळी दुसरे महायुद्ध चालू होते आणि दोस्तांच्या विमानांतील १०० ऑक्टेनचे इंधन त्याच्याच संयुगावर अवलंबून होते. तेव्हा जगाने त्याला उपकारकर्ता म्हणूनच निरोप दिला. हिशेबाची दुसरी बाजू उजेडात आणली ती क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने. पृथ्वीचे वय ठरविण्यासाठी तो खडकांतील व अशनींतील शिसे मोजीत होता; परंतु प्रयोगशाळेतील प्रत्येक वस्तूवर बाहेरचे शिसे इतके बसलेले असे की मोजमाप जुळेना. हे शिसे येते कोठून याचा शोध घेत तो मोटारींच्या धुरापर्यंत पोहोचला, आणि माणसाच्या शरीरातील शिसे निसर्गक्रमाहून कितीतरी वाढले आहे असे त्याने १९६५ साली प्रसिद्ध केले. मुलांच्या वाढत्या मेंदूवर अल्प शिशाचाही घातक परिणाम होतो, हे पुढील संशोधनाने निश्चित झाले. अमेरिकेने १९७० नंतरच्या दशकात शिसे कमी करीत आणले आणि १९९६ पासून रस्त्यावरील वाहनांसाठी ते पूर्ण बंद केले. आपल्या देशात १९९५ साली चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले, आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. जगातील शेवटचा देश अल्जीरिया. तेथील साठा २०२१ साली संपला. म्हणजे डेटनच्या त्या पंपापासून येथवर ९८ वर्षे लागली. फ्रिऑनचीही तीच गत झाली. अशा वायूंमुळे वातावरणाच्या वरच्या थरातील ओझोनचा नाश होतो असा इशारा १९७४ साली मोलिना व रोलंड यांनी दिला, आणि १९८७ च्या माँट्रियल करारान्वये ते वायू क्रमाक्रमाने बंद करण्याचे ठरले.

इंजिन आतून स्वच्छ राखण्याचा प्रश्न मात्र संपला नाही. तो निराळ्या मार्गाने सुटला. पेट्रोल जुने झाले किंवा तापले की त्याचा राळेसारखा चिकट थर जमतो. तो कार्ब्युरेटरच्या वाटा, इंधन फवारणाऱ्या सुईसारख्या छिद्रांची तोंडे आणि झडपा यांवर बसतो. १९५४ साली अमेरिकेत पेट्रोलमध्येच मिसळावयाची शोधक द्रव्ये विक्रीस आली, आणि १९९५ पासून तेथे ती प्रत्येक पेट्रोलमध्ये असणे कायद्याने आवश्यक झाले. त्यांचे कार्य रिठ्याच्या फेसासारखे आहे. त्यांच्या रेणूचे नायट्रोजनयुक्त टोक धातूला व मळाला चिकटते, आणि लांब शेपटी तेलात रमते. त्यामुळे मळ सुटून इंधनाबरोबर वाहून जातो व जळून जातो. या द्रव्यांत धातू नसल्याने शिशासारखी विषारी राख मागे राहत नाही. त्यांच्याही शक्तीला सीमा आहेत. झिजलेली कडी किंवा तुंबलेली गाळणी ती दुरुस्त करीत नाहीत. ज्या नव्या इंजिनांत इंधन थेट सिलिंडरात फवारले जाते, त्यांच्या आत येणाऱ्या झडपांना पेट्रोलचा स्पर्शच होत नाही, म्हणून तेथे ती निरुपयोगी ठरतात. ठोका थांबविण्यासाठी आज तेलशुद्धीच्या सुधारलेल्या रीती आणि मद्यार्क यांचा आधार घेतला जातो. जो उपाय मिजलीच्या काळी मागे पडला, तोच आज आपल्याकडील पंपांवर पेट्रोलमध्ये मिसळून येतो.

मग मिजलीला आम्ही काय म्हणावे? त्याला दुष्ट म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या दोन्ही शोधांमागे खरी गरज होती. थंडाव्याच्या वायूचा दुष्परिणाम त्या काळी कोणाच्या स्वप्नातही आला नव्हता. त्यासाठी त्याला दोष देता येणार नाही. शिशाची गोष्ट निराळी. तेथे इशारे देणारे होते, मृत्यू झाले होते, आणि स्वतःच्या शरीराचा अनुभवही होता. तेथे तो चुकला, आणि त्याच्यासह त्याचे मालक, समिती व सरकार हेही चुकले. चिकाटी, कल्पकता आणि आवर्तसारणीचा डोळस उपयोग या बाबतीत तो आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य अनुकरावा असा आहे. त्याबरोबरच, काढून टाकलेली वस्तू जाते कोठे, हा प्रश्न त्यांनी प्रत्येक शोधाला विचारावा. घर झाडून केर शेजाऱ्याच्या दारात लोटला म्हणजे आळी स्वच्छ होत नाही. आमच्या आयांना व आज्यांना हे ठाऊक असते. एका मोठ्या उद्योगाला ते मान्य करावयास सुमारे शंभर वर्षे लागली.